हृषीदांची कात्री
आज दुपारी ‘गोलमाल’ पुन्हा लावला. अख्खा पाठ आहे, तरी हसून पोट दुखलं. मिशीचा विषय निघाला की उत्पल दत्त असे काही डोळे वटारतात की अमोल पालेकरच्या जागी आपल्यालाच घाम फुटावा! पण आज माझं लक्ष जास्त होतं ते कटवर, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं जोडतात त्या जागांवर. याचे दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जी, म्हणजेच हृषीदा, मुळात संकलक, दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या तालमीतले. ‘दो बिघा जमीन’चं संकलन त्यांचंच. १९५७ साली ‘मुसाफिर’पासून दिग्दर्शनात आले. ‘चुपके चुपके’ १९७५ चा, ‘गोलमाल’ १९७९ चा. त्यांना नुसतं ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला सारणारे लोक मला झेपत नाहीत. अरे, ‘आनंद’ही याच माणसाचा ना!