घरात दुसरं कोण आहे

रात्रीचे पावणेबारा झालेत. आत भिंती अजून तापलेल्या आहेत, म्हणून गच्चीवर येऊन बसलेय. पलीकडे खाटेवर नाना आहेत. झोप लागलीय की नुसते डोळे मिटून पडलेत, अंधारात कळत नाही.

मागच्या बुधवारचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. ते लिहून काढते.

"मग नाना, घरात दुसरं कोण आहे?"

एवढंच मी म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नव्हता. मी राऊटरबद्दल बोलत होते, राऊटरच डोक्यात होता. पण ते तोंडातून गेलं आणि स्वयंपाकघर असं काही गप्प झालं की मला माझेच शब्द पुन्हा ऐकू आले. नानांनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला. "मी नाही वं बंद करत," म्हणाले आणि ताट सरकवलं. ताक तसंच राहिलं.

मे लागला तसा राऊटर दुपारी बंद पडायला लागला. मी तेव्हा जळगावात असते. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी यायचं, अपडाउन करणाऱ्यांना हे सांगायला नको. जेवणाच्या सुट्टीनंतर कधीतरी ऑफिसातून वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी वाटेने, घरच्या सर्व्हरला जोडायला जावं तर जोडणीच नाही. अर्ध्या तासाने पुन्हा बघावं तर जोडली जाते. घरी येऊन बघावं तर सगळं जागच्या जागी, हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि अपटाइम, म्हणजे सलग चालू असल्याचा वेळ, चार तास वीस मिनिटं. म्हणजे तीनच्या सुमारास तो नव्याने चालू झालेला.

पहिला संशय घेतला तो इन्व्हर्टरवर. लाईट गेली की इन्व्हर्टरला भार उचलायला काही मिलिसेकंद लागतात. अडॅप्टरमध्ये तेवढा वेळ तग धरण्यापुरती वीज साठलेली असते, दहा-वीस मिलिसेकंदांची. पन्नास हर्ट्झच्या विजेचा एक फेराच वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे मामला काठावरचा. पाठीमागचा खटका यूपीएसवर आहे की नॉर्मलवर ते बघितलं. यूपीएसवरच होता. पण त्या वेळी लाईट गेली होती की नव्हती, हे मला जळगावात बसून कळायला मार्ग नव्हता.

मग उष्णता. वरची खोली पश्चिमेची, भुसावळचा मे, पारा पंचेचाळिसावर. राऊटर म्हणजे बिनपंख्याचा मिनी पीसी, आत सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, वर ओपीएनसेन्स हे राऊटरचं सॉफ्टवेअर. गरम होऊन स्वतःच बंद पडत असेल असं वाटलं. दर मिनिटाला तापमान नोंदवून रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. सिस्टमचे लॉगही, म्हणजे ती काय करतेय त्याच्या नोंदी, तिकडेच वळवले, म्हणजे राऊटर मेला तरी त्याचं शेवटचं बोलणं दुसऱ्या ठिकाणी शिल्लक राहील. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: बंद पडण्याआधीचं शेवटचं तापमान ७१ अंश. त्या प्रोसेसरची मर्यादा १०५. उष्णता सुटली, असं मी लिहून टाकलं.

लॉग मात्र मध्येच तुटलेला होता. रीतसर बंद होणारी यंत्रणा जाताना चार ओळी लिहून जाते, एकेक सेवा थांबवते, मग जाते. समोरचं बटण दाबून बंद केला असता तरी त्या ओळी आल्या असत्या. इथे २ वाजून ४१ मिनिटांपर्यंत रोजच्यासारखी बडबड आणि पुढे काहीच नाही. पुन्हा चालू होताना पहिल्यांदा हीच तक्रार, की डिस्क नीट मिटलेली नव्हती. थोडक्यात, पायाखालून वीजच काढून घेतलेली. आणि दुपारी लवंडण्याआधी घरभर फिरून बोर्डावरचे खटके पाडायचे ही नानांची सवय. आजची नाही, मी शाळेत होते तेव्हापासूनची.

तरी मी थांबले. खरंच थांबले होते. मग मंगळवारी रात्री बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळाशी असलेल्या सेटिंग्जमध्ये, गेले. वीज जाऊन परत आली की काय करायचं, त्याची तिथे एक सेटिंग असते. मी ती 'चालू हो' अशी ठेवली होती. फेब्रुवारीत बायोस अपडेट केलं तेव्हा ती मूळ जागी गेली असणार, कारण आता तिथे 'बंदच राहा' होतं. म्हणजे वीज परत आली तरी हा डबा आपणहून उठत नाही. उठवायला बटण दाबावं लागतं. बोटाने. आणि रोज तीनच्या सुमारास तो उठत होता.

बोट सापडलं होतं. सगळे पुरावे एका रेषेत आले, आणि ते जुळल्याचा मला आनंद झाला, हे लिहायलाच हवं. त्या आनंदातच दुसऱ्या दिवशी ताटावर बसून ते वाक्य म्हणाले.

त्या आठवड्यात मला स्वतःची फार कीव येत होती. संध्याकाळच्या गाडीत खिडकीचा गजसुद्धा हाताला चटका देतो. घामाने भिजलेली ओढणी, डब्यातली रेटारेटी, घरी आल्यावर आधी वरची खोली, मग स्वयंपाक. पुण्याहून परत आले तेव्हा हे एक मी स्वतःसाठी उभं केलं होतं. जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर आमचे सगळे फोटो, कागदपत्रं, आईच्या फोनमधल्या आवाजाच्या फायली. हे कोणालाही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही, आणि त्यातही कोणीतरी रोज दुपारी हात घालतंय, असं वाटायचं. गुरुवारी आम्ही दोघं कामापुरतं बोललो. शुक्रवारी नानांनी मला विचारून पंख्याचा खटका पाडला. "पाडू का?" म्हणाले. स्वतःच्या घरात.

ते "पाडू का" अजून टोचतंय.

रविवारी दुधाचा हिशेब करायला बसले. कॅलेंडर खुंटीवरून काढलं. चौकोनाचौकोनात दीड, दीड, एक, दीड. आणि त्याच्याखाली पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात: "२:४० बंद. ला. होती. २:५५ चालू केला." पुढच्या चौकोनात: "१:५० बंद. ला. होती. २:०० चालू केला." एका दिवशी "ला. गेली ११ ते १२, बंद नाही." अशा अकरा नोंदी. माझ्या लॉगमध्ये पाच होत्या, कारण मी नोंद ठेवायला लागले सहाव्या दिवशी.

मी किती वेळ तशीच बसले होते कोण जाणे. चालू केला. रोज चालू केला. तीन वाजता नंदुरबारहून फोन येतो, पिलू व्हिडिओवर आल्याशिवाय झोपत नाही. मोबाइलवर चक्र फिरत राहिलं की नाना त्या उन्हात जिना चढून वर जायचे, बटण दाबायचे, दिवा लागेपर्यंत उभे राहायचे आणि खाली येऊन वेळ लिहायचे. मी 'बंद कोण करतं' हे विचारलं. 'चालू कोण करतं' हे विचारलंच नाही. आणि आता आठवतं, मेच्या पहिल्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "तुझा डबा दुपारचा झोपतो वं." मी मोबाइलमध्ये बघत "लाईट गेली असेल" म्हणाले होते.

"ला. होती", म्हणजे लाईट होती, हे दोन शब्द माझ्या कुठल्याच लॉगमध्ये नव्हते. राऊटरला आपल्याला वीज मिळते की नाही एवढंच कळतं. घरात लाईट होती का, हे त्याला कसं कळणार? त्या दोन शब्दांनी इन्व्हर्टर सुटला. अकरा ते बारा लाईट गेलेली असताना राऊटर चालूच होता, म्हणजे इन्व्हर्टर आपलं काम चोख करत होता. खटका नानांनी पाडला नव्हता, म्हणजे उरला एकटा अडॅप्टर.

कॅलेंडर घेऊन त्यांच्यासमोर गेले. माफी मागायची होती. तोंडातून आलं ते, "नाना, मीटर कुठेय?"

त्यांनी चष्मा लावला. लोखंडी पेटीतून मीटर काढलं, दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या दिवसांपासूनचं. मी अडॅप्टरची पिन काढून मोजायला लागले. बारा पूर्णांक दोन व्होल्ट. "बरोबर तर आहे," मी म्हणाले.

"लोड देऊन बघ. बिनलोडचं सगळंच बारा दाखवतं," नाना म्हणाले.

पिन राऊटरमध्ये घातली की मीटरची टोकं लावायला जागाच उरत नाही. नानांनी अडॅप्टरच्या वायरीचं कव्हर ब्लेडने दोन ठिकाणी खरवडलं, एकमेकांपासून लांब, म्हणजे तारा चिकटायला नकोत. सकाळी अकराला, राऊटर चालू असताना, ११.८. आम्ही थांबलो. दोघं त्या भट्टीसारख्या खोलीत, मध्ये पाण्याचा तांब्या. एकला ११.५. दोनला ११.१, आणि आकडा एका जागी ठरेना. अडॅप्टर कपाटामागे पश्चिमेच्या भिंतीला चिकटून पडलेला, त्याला हात लावला तर ठेववत नव्हता. मी दर मिनिटाला मोजलं ते प्रोसेसरचं तापमान. याचं मोजायचं मला सुचलंच नाही.

मी मुद्दाम मोठी फाइल उतरवायला लावली. १०.९. १०.७. आणि राऊटर गेला. तो गेला त्याच क्षणी मीटरचा आकडा उडी मारून १२.२ वर चढला, कारण आता ओढणारं कोणी उरलं नव्हतं. मी सकाळी अडॅप्टर तपासला होता तो असाच, राऊटरपासून सोडवून.

वाट बघताना नाना बोलत होते. २१० मेगावॉटच्या जुन्या संचावर असताना रात्रपाळीत युनिट ट्रिप झालं की पॅनेलवर एकदम चाळीस-पन्नास खिडक्या पेटायच्या, भोंगा वेगळाच. नवीन पोरं समोर दिसेल त्या दिव्यामागे धावायची. "पण पहिली पेटलेली खिडकी वेगळी चमकते. ती आधी वाचायची. बाकीच्या तिच्यामागून आलेल्या." हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं, ते खरोखर कंट्रोल रूममध्येच होते तेव्हा. ऐकताना मला मंगळवारची रात्र दिसत होती. सगळ्यात शेवटी पेटलेली खिडकी मी पहिली म्हणून वाचली होती.

संध्याकाळी अडॅप्टर उघडला. स्क्रू नसतातच, हॅकसॉच्या पात्याने शिवण कापावी लागली. आउटपुटच्या बाजूचा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, डोकं फुगून वर आलेलं. आतला ओलावा उष्णतेने उडत जातो, दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. भिंतीला चिकटून दोन उन्हाळे काढले त्याने. नानांनी तो चिमट्यात धरून उजेडाकडे केला आणि म्हणाले, "बिचारा."

सोमवारी जळगावातून नवा आणला, बारा व्होल्ट पाच अँपिअर. पहिला चुकीचा निघाला, त्याचं भोक २.१ मिलिमीटरचं आणि आपली पिन २.५ ची, आत जाईना. मंगळवारी बदलून आणला. आता तो कपाटामागे नाही, टेबलाच्या पायाला उघड्यावर बांधलाय. दुपारी लोडवर ११.९ आहे, नानांनी स्वतः मोजून सांगितलं. बायोसची सेटिंगही पुन्हा 'चालू हो' केली.

माफी मात्र राहिली. रविवारी रात्री प्रयत्न केला. "नाना, परवा मी जे बोलले..." म्हटलं, तर ते म्हणाले, "आमरसाला साखर कमी पडली होती का?" आणि मी म्हटलं, नाही, बरोबर होती. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला काय म्हणायचं होतं ते त्यांनाही. ते वाक्य काही पुसलं जाणार नाही. घरात दुसरं कोण आहे. आम्ही दोघंच आहोत. ते बोलायला राऊटर लागला, याला आता काय करणार. निदान ते ऐकून आम्ही दोघं एका खोलीत चार तास बसलो, आणि पंख्याचा खटका त्यांनी आज विचारल्याशिवाय पाडला.

मघाशी वर येताना कॅलेंडर बघितलं. राऊटर आठ दिवस तरी बघायला हवा, पण मी मनात म्हटलं आता नोंदी संपल्या. आजच्या चौकोनात दूध दीड. त्याखाली पेन्सिलने: "२:५० वर जाऊन पाहिला. चालू होता."