लाल खडू, निळा खडू

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या दक्षिण भागात तंबाखूचे जुने बार्न, म्हणजे पीक सुकवायची लाकडी कोठारं, अजून रस्त्याकडेला दिसतात. 2001 पासून सरकारनेच शेतकऱ्यांना पैसे देऊन तंबाखू सोडायला लावली. पीक गेलं, इमारती उरल्या. 2004 साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने त्यांना देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या 11 ठिकाणांत घातलं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एका मालकांना बार्नचा लग्नाचा हॉल करायचा होता, आणि डिझायनरने आतल्या सगळ्या आडव्या बल्ल्या ‘काढणे’ म्हणून नकाशावर खोडूनही टाकल्या होत्या. शिडीवर न चढता!

इथली तंबाखू भट्टीत नाही, वाऱ्यावर सुकायची. अख्खी झाडं चारेक फुटी काठीत ओवायची, काठीची टोकं दोन बल्ल्यांवर टेकवायची, असे थर छपरापर्यंत. म्हणजे बल्ल्यांमधलं अंतर काठी ठरवते, आणि खांबांचंही तीच. भिंतीच्या काही उभ्या फळ्या बिजागरीवर असतात. कोरड्या हवेत उघडायच्या, पाऊस आला की लावायच्या. डिझायनरने तिथे काच दाखवली होती.

खरी मेख वर होती. काही बल्ल्या नुसत्या टेकलेल्या, तर काही खांबांच्या खाचेत कुसू (तासून बारीक केलेलं टोक) घालून लाकडी खुंटीने आवळलेल्या तुळया. खालून सगळ्या सारख्याच काळ्या. टेकलेल्यांवर निळा खडू, आवळलेल्यांवर लाल, असं करत मधल्या चौकटीपाशी आलो तर लाल खूण करायला तुळईच नाही. ट्रॅक्टर आत घेण्यासाठी कधीतरी कापलेली. खुंटीसकट तिचं कुसू खाचेत तसंच. ओळंबा सोडला. खांब पावणेतीन इंच बाहेर झुकलेला. एका तुळईचा हा हिशोब, आणि नकाशावर सगळ्याच जाणार होत्या.

मालक म्हणाले, “हॉल झाला नाही तर छपराचा पत्रा कोण बदलणार?” यावर वारसावाल्या मंडळींकडेही उत्तर नसतं, ते पत्रं पाठवतात, पत्रा नाही.

मी लिहून दिलं: लाल सगळ्या राहतील, कापलेलीच्या जागी पोलादी सळई, निळ्यांपैकी खालचे थर काढा, पण एक खण (दोन चौकटींमधला भाग) काठ्यांसह पूर्ण ठेवा. डिझायनरने विचारलं, झुंबर कुठे लावू? लाल तुळईला, भार मी मोजून देतो.

काचेचं मात्र अजून ठरत नाही. फळ्या उघडझाप करत्या ठेवल्या तर थंडीत हॉल चालणार नाही. कायमच्या बंद केल्या तर बार्नमधलं बार्नपण काय उरलं? मालकांना डिसेंबरची लग्नंही हवी आहेत.