विसर्जनानंतरची सही

भागीदारी पेढी बंद करण्याच्या, म्हणजे तिच्या विसर्जनाच्या, करारनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या की आपण पेढीतून मोकळे झालो, असे बहुतेक भागीदार धरून चालतात. पण तो कागद त्यांच्या आपसांतला असतो आणि बाहेरच्या पुरवठादाराला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणूनच भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४५ नुसार, विसर्जनाची जाहीर नोटीस निघेपर्यंत एका भागीदाराने पेढीच्या नावाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी बाकीच्यांवरही राहते, मात्र तो व्यवहार विसर्जनापूर्वी पेढीला बांधील करणारा ठरला असता, अशा स्वरूपाचा असावा लागतो. मृत किंवा नादार भागीदाराची मालमत्ता पुढच्या व्यवहारांसाठी यातून सुटते.

जाहीर नोटीस म्हणजे चार ओळखीच्या व्यापाऱ्यांना केलेले फोन नव्हेत. कलम ७२ प्रमाणे ती राजपत्रात आणि पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात छापावी लागते. पेढी नोंदणीकृत असल्यास भागीदारी संस्था निबंधकालाही कळवावे लागते. ही नोटीस कोणताही एक भागीदार देऊ शकतो, त्यामुळे दुसरा देईल म्हणून थांबण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

भागीदारांचे अधिकारही एका दिवसात संपत नाहीत. कलम ४७ नुसार ते निरवानिरवीपुरते आणि अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करण्यापुरते उरतात. आधी घेतलेल्या ऑर्डरचा माल पोचवणे, थकलेली येणी वसूल करणे, शिल्लक साठा विकून देणी भागवणे हे त्यात बसते. नवी ऑर्डर घेणे बसत नाही. खरे वाद होतात ते या दोहोंच्या सीमेवर, आणि निरवानिरव कोणी करायची, बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालेल, हे करारनाम्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते हमखास होतात.

जुन्या देण्यांबाबत तर गैरसमज फारच मोठा आहे. ‘सर्व कर्जे एकाने फेडावीत’ असे भागीदारांनी ठरवले, तरी धनकोने त्याला संमती दिली नसेल तर तो कोणाही एका भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, कारण कलम २५ खालील जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही आहे. ज्याने भरले त्याने मग इतरांकडून वसुली करावी. त्यातही आपसांतला हिशेब व नफ्यातील वाटा मागण्याच्या दाव्याची मुदत विसर्जनापासून ३ वर्षांचीच आहे.