चंद्राकडे जाणारी खडीची वाट : केनेडी स्पेस सेंटरचा क्रॉलर बघायला जाताना

चंद्रपूर भागातल्या ओपनकास्ट खाणींत मी एकतीस वर्षं शॉवेलच्या, म्हणजे माती-कोळसा उपसणाऱ्या अवजड मशीनच्या, मेंटेनन्सवर होतो. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑरलँडोला मुलीकडे गेलो आणि तिने "बाबा, आधी कुठे जायचं?" असं विचारलं, तेव्हा उत्तर तयार होतं. मला क्रॉलर बघायचा होता.

फ्लोरिडात नासाच्या केनेडी स्पेस सेंटरमध्ये रॉकेट जुळवतात ती इमारत एकीकडे आणि उडवतात ते तळ दुसरीकडे. एका तळापर्यंत साडेपाच किलोमीटरची वाट, दुसऱ्यापर्यंत पावणेसात. पूर्ण जुळवलेलं रॉकेट, त्याच्या लाँचरसकट, उभ्याचं उभं या वाटेने नेतो तो क्रॉलर-ट्रान्सपोर्टर. असे दोनच आहेत, दोन्ही १९६५ चे. माणसाला चंद्रावर नेणारी सॅटर्न-५ रॉकेटं यांनी नेली, स्पेस शटलच्या सगळ्या १३५ मोहिमा यांच्या पाठीवरून तळावर गेल्या, आणि आता आर्टेमिसचं, म्हणजे नासाच्या नव्या चंद्रमोहिमांचं, रॉकेटही यांच्यातलाच एक नेतो. साठ वर्षांची मशीन अजून ड्यूटीवर आहे, हे ऐकून मेंटेनन्सच्या माणसाचा ऊर भरून येतो.

पहिल्या दिवशी आमची एक चूक झाली, ती आधी सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. सकाळी पोहोचल्यावर आम्ही थेट अटलांटिस शटलच्या दालनात शिरलो. दालन आहेच तसं. तेहतीस अंतराळफेऱ्या केलेलं खरं यान समोर तिरकं टांगलेलं, पोटाखालच्या टाइल्स एकेक मोजता येतील इतकं जवळ. तिथे तीन तास गेले. जेवून, क्रॉलर आणि तळांच्या बाजूने फिरवून आणणाऱ्या बसच्या रांगेत आलो तर रांग लांबलचक, आणि बसमध्ये जागा मिळाली ती मधल्या रांगेत. क्रॉलर कुठून गेला ते मला लोकांच्या डोक्यांमधून जेमतेम दिसलं. मुलीने माझा चेहरा बघितला आणि आणखी एका दिवसाचे पैसे भरले. तेव्हा पहिला नियम हा: दार उघडलं की आधी बस. बाकी सगळं दुपारी बघता येतं. दुपारी उशिरा शेवटची बस सुटते, तिची वेळ रोज बदलू शकते, ती सकाळीच विचारून घ्या. बसफेरी प्रवेशाच्या तिकिटातच येते, गाडी लावायचे पैसे वेगळे.

दुसऱ्या दिवशी पहिली बस, खिडकीची जागा, गळ्यात दुर्बीण.

रॉकेट जुळवायची ती इमारत, व्हेइकल असेम्ब्ली बिल्डिंग म्हणजे व्हीएबी, लांबूनच दिसायला लागते. १६० मीटर उंच. आजूबाजूला सगळी सपाट पाणथळ जमीन, त्यामुळे डोळ्याला मापच मिळत नाही. भिंतीवरचा अमेरिकेचा झेंडा बघून वाटतं की बरा मोठा आहे, आणि मग कळतं की तो जवळजवळ ६४ मीटर उंच आहे. आत त्या दिवसांत आर्टेमिस-२ च्या बूस्टरची जुळणी चालली होती. रॉकेट बाहेर काढायचे दरवाजे १३९ मीटर उंच आहेत आणि ते पूर्ण उघडायलाच पाऊण तास लागतो.

आणि मग तो दिसला. बस थांबली नाही, फक्त हळू झाली. नुसता उभा होता, पाठीवर काही नाही. सगळा देह ४० मीटर बाय ३५ मीटरचा. आमच्या गावच्या शाळेचं अख्खं पटांगण त्यावर बसेल. चार कोपऱ्यांत चार ट्रक, म्हणजे चालायचे चार संच, प्रत्येकाला रणगाड्यासारख्या दोन चेन, म्हणजे आठ चेन. एकेक चेन माणसाच्या दुप्पट उंच आणि बारा मीटर लांब. एका चेनला ५७ शू, म्हणजे जमिनीवर टेकणारे पोलादी तुकडे, आणि एकेका शूचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. आमच्या शॉवेलचा शू बदलायचा तर क्रेन लागायची आणि शिफ्ट संपायची. इथे तसे ४५६ आहेत.

दुर्बीण मी शूवर लावली. खडीवर घासून घासून त्यांचे तळ नाण्यासारखे उजळले होते, आणि पिनांच्या भोवती ग्रीसची काळपट ओल होती. ती ओल ज्याने एकदा हाताने पुसली आहे त्याला लांबूनही कळतं की या मशीनची रोज कुणीतरी विचारपूस करतंय. १९६५ चे मूळ शू तडकायला लागले तेव्हा २००४ च्या सुमारास सगळे नवे ओतून बसवले. कोपऱ्यावर ड्रायव्हरची केबिन आहे, दोन टोकांना दोन, आणि एवढ्या देहावर ती काडेपेटीएवढी दिसते.

या मशीनचा जन्म आमच्याच धंद्यात झाला आहे, आणि हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो. १९६२ साली नासापुढे प्रश्न होता की १११ मीटर उंचीचं रॉकेट उभं नेणार कसं. कालवा खणून तराफ्यावरून न्यावं असा विचार झाला, पण एवढा उंच भार पाण्यावर स्थिर राहीना. रुळांचाही विचार झाला. तेव्हा कुणीतरी केंटकीच्या कोळसा खाणीतल्या शॉवेलकडे बोट दाखवलं. तो चेनवर चालतो, हजारो टनांचा असतो आणि खालची जमीन वरखाली असली तरी स्वतःला सपाट ठेवतो. नासाची माणसं खाणीवर जाऊन ते बघून आली, आणि काम मिळालं ओहायोतल्या मॅरिअन गावच्या पॉवर शॉवेल कंपनीला. मॅरिअन आणि ब्युसायरस ही शॉवेल बनवणाऱ्या कंपन्यांची नावं शॉवेलवाल्यांना घरच्यासारखी. चंद्राची वाट खाणीतून जाते, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. जुलै १९६५ मध्ये चाचणीच्या वेळी वाटेवर बेअरिंगचे तुकडे सापडले. रोलर बेअरिंग भार सोसत नव्हती. ती काढून स्लीव्ह बेअरिंग बसवली, आणि मगच गाडी मार्गी लागली. शॉवेलवर काम केलेल्या कुणालाही हे वाचताना तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहील: जमिनीवर पडलेला धातूचा तुकडा, आणि तो हातात घेऊन गप्प उभा असलेला फोरमन.

आणखी एक ओळखीची गोष्ट निघाली. क्रॉलर डिझेल-इलेक्ट्रिक आहे. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर सोळा ट्रॅक्शन मोटरी चेन ओढतात. मूळ मोठी इंजिनं ॲल्को या अमेरिकी कंपनीची, सोळा सिलिंडरची, २,७५० अश्वशक्तीची दोन. ॲल्कोच्या याच २५१ घराण्यातलं इंजिन आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये होतं. कोळसा सायडिंगवर रात्रपाळीला धडधडणारं जे डिझेल इंजिन ऐकत आम्ही चहा प्यायचो, त्याचंच भावंड चंद्राचं रॉकेट ओढत होतं.

भार घेऊन क्रॉलर ताशी दीड किलोमीटरच्या आसपास चालतो, रिकामा असताना त्याच्या दुप्पट. डिझेल किलोमीटरला सुमारे ३९० लिटर. आर्टेमिससाठी सुधारून घेतलेल्या दुसऱ्या क्रॉलरचं स्वतःचं वजन तीन हजार टनांवर आहे, आणि स्वतःच्या बळावर चालणारं सर्वात जड वाहन म्हणून २०२३ मध्ये गिनीजने त्याची नोंद केली. तो आठ हजार टनांहून जास्त भार उचलू शकतो. मार्च २०२२ मध्ये आर्टेमिस-१ चं रॉकेट तळावर नेलं तेव्हा साडेदहा तास लागले होते, आणि सप्टेंबरात वादळ येतंय म्हटल्यावर तेच रॉकेट परत इमारतीत आणावं लागलं.

पण खरी कमाल चढावर आहे. तळाचा चौथरा उंच, त्यामुळे शेवटी विसास एक असा चढ लागतो. आमच्याकडे खाणीत डंपर चालतात त्या हॉल रोडला नियमाने सोळास एकपर्यंत चढ चालतो, तेव्हा चढ म्हणून हा काही फार नाही. मात्र डंपरमधला कोळसा मागे कलला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे पाठीवर शंभर मीटरचं रॉकेट उभं असतं. म्हणून पुढची बाजू चढायला लागली की पुढचे हायड्रॉलिक जॅक खाली बसत जातात, मागचे उचलत जातात, आणि वरचा माथा सपाटच राहतो. रॉकेटचं टोक फार तर एका बास्केटबॉलच्या रुंदीइतकं हलतं. हे काम १९६७ मध्ये, सॅटर्न-५ च्या पहिल्या उड्डाणाच्या, म्हणजे अपोलो-४ च्या वेळीही असंच चाललं होतं.

आता वाट. बसमधले लोक रॉकेटच्या बाजूला बघत असतात, तुम्ही खाली बघा. दोन पट्टे आहेत, प्रत्येकी बारा मीटर रुंद, मध्ये गवत. वर पसरलेली खडी अलाबामातल्या नदीची, गोलसर गोटे. खाणीतल्या रस्त्याला आम्ही कोनदार खडी आणि मुरूम वापरतो, कारण आम्हाला पकड हवी असते. यांना उलटं हवं. वळताना आठही चेन जमिनीवर आडव्या घासतात, तेव्हा खालचा दगड सरकला पाहिजे, आणि घासताना ठिणगी पडता कामा नये. सरळ वाटेवर हा थर दहा सेंटीमीटरचा, वळणावर वीसचा, कारण वळणावर दगड जास्त भरडला जातो. खाली दोन मीटरहून खोल भराव आहे, नाहीतर या दलदलीत वाट टिकलीच नसती. क्रॉलर गेला की वरचे गोटे फुटून पांढरी भुकटी होते, आणि पुन्हा नवी खडी टाकतात. मी पाहिलं तेव्हा एका पट्ट्यावर भुकटीची रेघ स्पष्ट दिसत होती.

बसचा मार्ग त्या दिवशीच्या कामानुसार बदलतो, म्हणून कुठल्या बाजूला बसा हे ठामपणे सांगता येत नाही. खिडकी धरा, आणि परतीच्या बसमध्ये मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसा. उतरतो ते ठिकाण अपोलो-सॅटर्न-५ केंद्र. तिथे खरं सॅटर्न-५ आडवं ठेवलंय. त्याच्या पाच इंजिनांखाली उभं राहा आणि मग टोकापर्यंत चालत जा. एवढा जीव उभा करून त्या खडीवरून नेत असत, हे तिथे चालल्याशिवाय अंगात उतरत नाही. ज्या दिवशी उड्डाण असेल त्या दिवशी बसफेऱ्या आखडतात, म्हणून क्रॉलरसाठी जाणाऱ्याने उड्डाणाचा दिवस टाळावा. हल्ली ३९-ए तळ स्पेसएक्सकडे भाड्याने आहे, ते आपली फाल्कन रॉकेटं आडवी नेतात. क्रॉलरची ये-जा दुसऱ्या, ३९-बी तळाकडेच. आपल्या श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या तळावरही रॉकेट उभं नेतात, पण रुळांवरून.

परत आल्यावर स्पेस मिरर स्मारकापाशी थोडं थांबा. काळ्या चकचकीत दगडावर जीव गमावलेल्या अंतराळवीरांची नावं कोरली आहेत, त्यात कल्पना चावला यांचं आहे. त्यांचं कोलंबिया शटलही याच खडीवरून तळावर गेलं होतं, जानेवारी २००३ च्या उड्डाणासाठी. आम्ही तिथे न बोलता उभे राहिलो.

ऑरलँडोहून ५२८ नंबरच्या टोल रस्त्याने तासभर लागतो. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर राहू नका. आमच्या हिचे गुडघे दुखतात, तिला आत व्हीलचेअर मिळाली आणि बसमध्येही अडचण आली नाही. वयस्करांनी मागायला संकोच करू नये. पूर्ण शाकाहारी असाल तर सकाळी पोटभर खाऊन निघा. फेब्रुवारीत हवा छान होती. जून ते सप्टेंबर दुपारच्या विजा-पावसात अडकायला होतं आणि वादळांचाही काळ तोच, तेव्हा जमलं तर हिवाळा गाठा. दलदल आहे, डास आहेत. बाह्या लांब ठेवा. रस्त्याकडेच्या पाण्यात मगरी दिसतात, आणि एका झाडावर गरुडाचं भलंमोठं घरटं आहे, ते ड्रायव्हर दाखवतो.

संध्याकाळी परतताना टायटसव्हिलला थांबा. इंडियन रिव्हरच्या काठावरून, पाण्यापलीकडे, व्हीएबी दिसते आणि तिथे तिकीट लागत नाही. तिथल्या बाकावरून मी बल्लारपूरला माझ्या जुन्या शिफ्टमधल्या ऑपरेटरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती, तो उठलेलाच होता. रॉकेट, झेंडा, इमारत यांचे फोटो त्याने भराभर पुढे ढकलले. चेनचा फोटो आला तसा थांबला, बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पिना दिसून राहिल्या, साहेब. टेन्शन बराबर आहे चेनचं. मागच्या कोपऱ्याचा पाठवा ना एक."

तो मी काढला नव्हता. तुम्ही गेलात तर मागच्या कोपऱ्याचाही काढा.