आमची वाटचाल: काळ्या मुखपृष्ठांचं दुकान

जर्मनीतल्या लाइपझिगच्या दक्षिणेला, कॉनेवित्झ भागात आमचं जुन्या मासिकांचं छोटं दुकान आहे. मी आणि बायको, दोघंच चालवतो. सुरुवातीला रॉक, जॅझ, जे मिळेल ते गठ्ठ्याने उचलायचो. पण या शहरात १९९२ पासून पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाला 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन' हा गॉथ संगीताचा महोत्सव भरतो. वीस हजारांच्या आसपास गॉथ मंडळी, म्हणजे उदास-गूढ संगीत आणि काळा पेहराव यांत रमणारी माणसं, येतात, ट्रामसुद्धा काळ्या झालेल्या दिसतात. त्या दिवसांत विचारणा व्हायची ती त्यांच्याच मासिकांची. हळूहळू बाकीचा माल मागे पडला.

माझ्या वडिलांचा सोलापुरात पेपरचा स्टॉल होता. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ अख्ख्या घराला बोलावतं, हे मी तिथे पाहिलेलं. गॉथ मासिक मात्र फक्त आपल्या माणसाला खूण करतं. ती खूण ओळखता येऊ लागली आणि आमच्या खरेदीला दिशा मिळाली.

न्यूयॉर्कचं 'प्रोपगंडा' घ्या. १९८२ ते २००२ या काळात फ्रेड बर्गर यांनी ते चालवलं, बरेचसे फोटोही स्वतःच काढले. कृष्णधवल छायाचित्र, फिकट चेहरा, डोळ्यांभोवती गडद काजळ, मुलगा की मुलगी ते चटकन ठरवता येऊ नये असं रूप. जाणकार गिऱ्हाईक मासिकाचं नाव वाचायच्या आधीच थांबतं. जर्मन मासिकांची रीत निराळी. 'त्सिलो', 'ओर्कुस', 'सोनिक सेड्यूसर' यांच्या मुखपृष्ठांवर नावांची दाटी: लाक्रिमोझा, दास इश, प्रोजेक्ट पिचफोर्क. हे बँड आहेत, एवढंसुद्धा कुठे लिहिलेलं नसतं. ज्याला माहीत आहे त्याला त्यातलं एक नाव पुरतं. मला ही दाटी फार आवडते. वाचकाला ती शिकवत बसत नाही, त्याला जाणता धरते.

काळं मुखपृष्ठ सांभाळणं हे वेगळंच काम. पांढऱ्यावर न दिसणारा ओरखडा काळ्यावर लगेच उठतो. कणा घासला की शाई जाऊन कागदाची पांढरी रेघ दिसते, मॅट लॅमिनेशनवर बोटांचे ठसे राहतात. काही अंकांना सीडी गोंदाने चिकटवलेली असायची. ती ओढून काढली की मुखपृष्ठाचा पापुद्रा निघतो. म्हणून खरेदी करताना बायको प्रत्येक अंक खिडकीपाशी नेऊन तिरका धरते, मगच भाव सांगते. घासाघीस तिच्याशी करायची, माझ्याशी नाही, हे विकणाऱ्यांनाही आता ठाऊक झालंय.

आमचे सगळ्यात चोखंदळ ग्राहक पूर्व जर्मनीत वाढलेले आहेत. तेव्हा या मुलांना 'ग्रुफ्टी' म्हणत, श्टाझीची, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांची, त्यांच्यावर नजर असे आणि पाश्चात्त्य मासिकं दुकानात मिळत नसत. ही माणसं अंक उघडण्याआधी बराच वेळ नुसतं मुखपृष्ठ बघत उभी राहतात. आम्ही मध्ये बोलत नाही. सगळे अंकही त्यांच्यासाठीच दर्शनी लावतो, कणा बाहेर ठेवून नाही. जागा दुप्पट लागते, पण विक्री अशीच होते.

अलीकडे जपानच्या 'गॉथिक अँड लोलिता बायबल'ला मागणी वाढली आहे. २००१ ते २०१७ या काळात निघालेल्या या मासिकाच्या आत कपडे शिवायचे नमुने असत. मुखपृष्ठावरचा झालरीचा झगा बघून गिऱ्हाईक आत येतं आणि पहिला प्रश्न विचारतं: नमुन्याचा कागद आत आहे ना? तो आम्ही घडी उलगडून, तपासूनच देतो.