गोबरगॅसची टाकी आणि आम्ही : आमची वाटचाल

शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. सुरुवात उसाच्या ट्रॉल्यांनी झाली. हंगाम सरला की काम थंडावायचं, तेव्हा पन्हाळा-शाहूवाडीकडचे शेतकरी गोबरगॅसच्या टाक्या वेल्डिंगला घेऊन यायचे. खादी ग्रामोद्योगचं जुनं डिझाईन: खाली विटांची विहीर, वर उलटी घातलेली पत्र्याची टाकी. एक गोष्ट लक्षात यायची. टाकी सगळीकडे सारखी गंजत नाही. शेणकाल्याच्या पातळीवरचा जो पट्टा सारखा ओला-कोरडा होतो, तिथंच आधी भोकं पडतात. बायोगॅसमध्ये 55 ते 65 टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. पण थोडासा हायड्रोजन सल्फाइडही असतो, आणि ओलाव्याबरोबर तोच पत्रा खातो.

म्हणून आम्ही फायबरच्या टाक्यांकडे वळलो. किंमत ऐकून गिऱ्हाईक परत जायचं, ते साहजिकच होतं. कागलकडच्या एक काकी मात्र वेगळंच बोलल्या. "दादा, टाकी कुठली बी बसवा, पर पावसाळ्यात च्या ठेवला की ज्योत फडफडाय नको." दोष टाकीचा नव्हताच. गॅसबरोबर येणारी वाफ पाईपात थंड होते आणि खोलगट जागी पाणी साचतं. तेव्हापासून पाईपला उतार आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक, याशिवाय आम्ही प्लांट सोडत नाही. चार-पाच जनावरांचं, साधारण 50 किलो शेण रोज पडलं तर 2 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे पाऊण किलोहून थोडा जास्त एलपीजी. उघड्या ओल्या खड्ड्यात कुजणाऱ्या शेणातून मिथेन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. पण हे सांगून आजवर एकही प्लांट विकला गेलेला नाही. सिलिंडर किती दिवस जास्त जाईल, एवढंच विचारतात.

2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आणि हॉटेलं, होस्टेलं दारात आली. खरकटं शेणापेक्षा किलोमागे जास्त गॅस देतं, पण एकदम जास्त घातलं की टाकी आंबते आणि ज्योत धरत नाही. मग घालणं थांबवायचं आणि शेणकाला ओतायचा, दुसरा इलाज नाही.

गॅसवर जनरेटर चालवायचा तर तो सल्फाइड काढावाच लागतो. त्यासाठी आमच्याच लेथखाली पडणारा लोखंडी कीस गंजवून फिल्टरच्या नळकांड्यात भरतो. काम झालं की तो काळा पडतो. बाहेर पातळ पसरला की हवेनं पुन्हा तांबूस होतो आणि परत वापरता येतो. फक्त तो तेव्हा गरम होतो, म्हणून ओला ठेवायचा आणि वैरणीपासून लांब. ढीग करून ठेवला तर पेटू शकतो.

आता नवीन प्लांटपेक्षा देखभालीचं काम जास्त आहे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. बंद पडलेला गोबरगॅस गावात दिसला की पुढची दहा घरं नको म्हणतात.

सध्या स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला, गाळायच्या यंत्रावर काम चाललंय. जाळी किती बारीक ठेवायची यावर शेतकऱ्यांचं आणि आमचं अजून जमलेलं नाही: त्यांना ड्रिपला चालेल अशी हवी, आम्हाला रोज न धुता चालेल अशी.