काळ्या मातीवर बांधलेला ब्लॉकचा वाफा: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला ज्यांची घरं आहेत, त्यांना काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जातो, आणि पहिले दोन-तीन पाऊस झाले की तीच माती फुगून वर येते. आमच्या गल्लीतल्या कितीतरी कंपाउंडच्या भिंती कललेल्या आहेत, त्या ह्या आकसण्या-फुगण्यापायीच. म्हणून परसात काँक्रीट ब्लॉकचा उंच वाफा बांधायचं ठरलं, तेव्हा ब्लॉक कोणता घ्यायचा यापेक्षा त्याच्या खाली काय करायचं, याचा विचार मी आधी केला.

उंच वाफा हवा होता तो दोन कारणांनी. पावसाळ्यात परसात पाणी तुंबतं आणि मिरची, वांगी, कढीपत्ता यांची मुळं कुजतात. शिवाय सासूबाईंना आता खाली बसून खुरपणं होत नाही, पण मातीत हात घातल्याशिवाय त्यांना करमतही नाही. वाफ्याचा कठडा बसता येईल इतका रुंद आणि माती बसल्या जागी हाताला येईल, असं माप धरलं: बाहेरून २० फूट लांब, ३ फूट रुंद आणि जमिनीवर ब्लॉकचे तीन थर, म्हणजे साधारण दोन फूट उंची.

पहिला प्रश्न होता कंपाउंडच्या भिंतीचा. बरेच जण तीच भिंत वाफ्याची मागची बाजू म्हणून धरतात, म्हणजे एका बाजूचे ब्लॉक वाचतात. आमचे गवंडीमामाही आधी तेच म्हणाले. पण कंपाउंडची भिंत ओल्या मातीचा रेटा घेण्यासाठी बांधलेली नसते, आणि ओल पलीकडे शेजाऱ्यांच्या बाजूला उतरते ती वेगळीच. मी चारही बाजू स्वतंत्र ठेवल्या आणि मध्ये झाडू फिरेल एवढी, फूटभर जागा सोडली. खर्च वाढला, पण यात मला तडजोड करायची नव्हती.

खणायला सुरुवात केली ती पूर्ण पट्ट्याची, वाफ्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी थोडी जास्त, दोन फूट खोल. नुसत्या भिंतीखाली चर खणला असता तर मधली काळी माती तशीच राहिली असती आणि तिने फुगून आतून धक्का दिला असता. निघालेली माती ताडपत्रीवर बाजूला रचली. खड्ड्यात फूटभर मुरूम घातला, तोही एकदम नाही. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस (ठोकून दाबायचं जड अवजार), आणि तो नीट बसल्यावर दुसरा थर. धुमस करणाऱ्या बिगाऱ्याला मामा सारखे सांगत होते, "आवाज बदलला की थांब." मी कान देऊन ऐकलं. सैल मुरमावर धुमस पडतो तेव्हा आवाज दबका येतो. मुरूम गच्च बसला की तोच आवाज टणक होतो आणि धुमस हलकासा उसळतो. ही खूण मला कुठल्याही मापापेक्षा जास्त विश्वासाची वाटली.

मुरमावर पाच इंच काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यात ८ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी. एवढ्याशा वाफ्याला सळई कशाला, असं घरात विचारलं गेलं. खालची जमीन एका टोकाला थोडी उचलली तरी पूर्ण पट्टा एकजीव राहावा, मधेच तुटू नये, यासाठी ती हवी. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीवर हा वाफा असता तर एवढा खटाटोप लागला नसता. तिथे तळ उघडा ठेवून पाणी खाली जिरू दिलेलं चालतं. आमच्याकडे मात्र पाणी खाली जिरू देणं म्हणजे पायालाच फुगवणं.

ब्लॉक घेताना दुकानदार एएसीचे, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेले, हलके ब्लॉक सुचवत होता. ते खोल्यांच्या भिंतींना चांगले, पण पाणी खूप ओढतात. बाराही महिने ओल्या मातीला टेकून राहायला मी ते निवडणार नाही. आम्ही सहा इंची भरीव काँक्रीट ब्लॉक घेतले, ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचे. एकेक ब्लॉक २५ किलोच्या आसपास भरतो. जमिनीखालचा एक थर, वरचे तीन, आणि लांबीत दोन आडव्या भिंती असा हिशोब १४३ ब्लॉकचा निघाला. तुटफूट धरून १५० मागवले. आडव्या भिंतींनी वाफ्याचे तीन कप्पे झाले. वीस फुटांची सलग भिंत मातीच्या रेट्याने मध्यावर बाहेर ढकलली जाते. या आडव्या भिंती दोन्ही लांब बाजूंना धरून ठेवतात.

ब्लॉक किती जुने आहेत हे विचारून घ्यावं. ताजे ब्लॉक वाळताना आकसतात आणि मग सांध्यांत केसासारख्या चिरा पडतात. मी महिनाभर जुना साठा मागितला, आणि दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघितले. पक्क्या ब्लॉकचा आवाज खणखणीत येतो आणि कडेला नख घासलं तर कच सुटत नाही. ज्याची कड हाताने भुरभुरत होती तो ढीग सोडून दुसऱ्या ढिगातले भरायला लावले. दुकानदाराला ते फारसं आवडलं नाही, पण उतरवून झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो.

बांधकामाच्या सकाळी मी विटांच्या सवयीने ब्लॉकवर पाइप धरायला गेले, तर मामांनी हात केला. "ताई, ही वीट न्हवं. ह्यो भिजवायचा न्हाई." काँक्रीटचा ब्लॉक पाणी पिऊन किंचित फुगतो आणि भिंतीत लागल्यावर वाळताना आकसतो, म्हणून तो कोरडाच लावायचा, ऊन फार कडक असेल तर वरून जरासा शिंपडा, बस्स. माल कालवला तो एकाला सहा, एक घमेलं सिमेंटला सहा घमेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. सिमेंट वाढवलं की भिंत मजबूत होते हा समज चुकीचा आहे. जादा सिमेंटचा माल जास्त आकसतो. माल ब्लॉकपेक्षा थोडा नरमच हवा, म्हणजे हालचाल झाली तर ताण सांध्यात जिरतो आणि ब्लॉक शाबूत राहतो.

पहिला थर लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. चारी कोपरे गुनियाने (काटकोन बघायच्या पट्टीने) जुळवले, पाण्याच्या नळीने पातळी घेतली, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. मामा थापीने मालाचे दोन पट्टे ओढायचे, ब्लॉकच्या डोक्याला माल लावायचे, तो दोरीला न टेकवता खाली ठेवायचे आणि थापीच्या मुठीने दोन ठोके द्यायचे. बाहेर आलेला माल एकाच हाताने कापून पुढच्या ब्लॉकच्या डोक्याला. सांधा बोटभराहून बारीक, सगळीकडे सारखा. दोरी आणि ब्लॉक यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट त्यांनी शेवटपर्यंत राखली. दोरीला ब्लॉक टेकला की दोरी सरकते आणि पुढची सगळी ओळ तिच्याबरोबर वाकडी जाते. एका थराच्या सांध्यावर दुसऱ्या थराचा सांधा येऊ न देणं हे तर आलंच, आणि आडव्या भिंतींचे ब्लॉक लांब भिंतीत आळीपाळीने आत घेतले, नुसते चिकटवले नाहीत. आतल्या एका आडव्या भिंतीचे ब्लॉक मामांनी मला लावू दिले, शेजारी उभं राहून. ओळंबा लावला तेव्हा भिंत सरळ होती, याचा मला अजून आनंद आहे.

दुसरा थर झाला त्या संध्याकाळी वळीव आला. ताज्या सांध्यांतला माल अशा पावसात धुऊन जातो. ताडपत्री मातीवर होती ती ओढून भिंतीवर टाकली, कडेला उरलेले ब्लॉक ठेवले आणि माती भिजू दिली. सकाळी सांधे जसेच्या तसे होते.

तळाचं काम हे या सगळ्याचं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाफ्यातली माती ओली झाली की ती दोन टनांच्या आसपास जाते, पण भिंतीला खरा धोका असतो तो आत अडकलेल्या पाण्याचा. मातीतून पाणी निघून गेलं तर राहिलेली माती बरीचशी स्वतःच्याच आधारावर उभी राहते. पाणी तुंबलं की ते चारी बाजूंना ढकलत राहतं. म्हणून जमिनीखालच्या थराच्या आत मुरूम भरून त्यावर कोबा केला, परसाच्या बाजूला उतार देऊन. त्या बाजूच्या भिंतीत, कोब्याला लागून, दर चार फुटांवर इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवले, तोंड किंचित खाली करून. खाली छोटी नाली, ती गटाराला जोडलेली. म्हणजे पाणी पायाजवळ मुरत नाही. आतून वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेला गिलावा केला. तो केला नाही तर ओल बाहेर झिरपते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो.

कठड्याला नऊ इंच रुंद शहाबादी फरशी बसवली, कडा घासून गोल केलेली. कडप्पा दिसतो छान, पण मेच्या उन्हात त्यावर बसवत नाही.

मग पाणी मारणं. आमच्याकडे बहुतेक मिळतं ते पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला ताकद यायला जरा वेळ लागतो, आणि मे महिन्यातलं ऊन. दोन आठवडे भिंतीवर गोणपाट टाकून ते ओलं ठेवलं, दुपारी तर दोनदा.

ते झाल्यावरही माती लगेच भरली नाही. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि माती अल्कधर्मी होते. अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाइपांना चिंध्यांचे बोळे मारून कप्पे पाण्याने भरले, ठेवले, सोडून दिले, पुन्हा भरले. पहिल्या पाण्यावर पांढरट साय होती. पुढे पाणी नितळ येऊ लागलं, तेव्हा थांबले.

भरताना तळाला चार इंच विटांचे तुकडे आणि खडी, पाइपांच्या तोंडाशी बारीक जाळी, वर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं. बाजूला रचलेली काळी माती फुकटची, पण तिने मी वाफा भरला नाही. जी माती पाया उचलते ती आत भरली तर भिंतीही ढकलेल. पोयटा दोन भाग, शेणखत एक भाग, कोकोपीट आणि भाताचा तूस मिळून एक भाग, आणि काळी माती जेमतेम अर्धा भाग, ओल धरून ठेवण्यापुरती. वरून दोन इंच मोकळे ठेवले. उघडी माती झाकायला उसाचं पाचट, ते इथे मागाल तेवढं मिळतं.

मृगाच्या आधी एका कप्प्यात हळद लावली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या परसात ती आजवर टिकत नव्हती. पाणी साचलं की कंद कुजायचे. मधल्या कप्प्यात मिरची, वांगी आणि कडेला कोथिंबीर. ती पेरणी सासूबाईंनी कठड्यावर बसून स्वतः केली. तिसऱ्यात मोगरा आणि गवती चहा. अनंत लावायचा मोह आवरला, त्याला आम्लधर्मी माती लागते. तो मातीच्या कुंडीतच आहे. आषाढातल्या झडीत मी छत्री घेऊन पाइप बघत फिरायचे. सगळे वाहत होते, फक्त कोपऱ्यातला एक मंद होता. त्यात तार फिरवली तर जाळीशी अडकलेला तुसाचा बोळा निघाला. तेव्हापासून ती तार तिथेच, खिळ्याला अडकवून ठेवली आहे, आणि मोठा पाऊस झाला की प्रत्येक पाइपमधून एकदा फिरवते.